'सन्माननीय व्यासपीठ' म्हणण्याआधी

अकरावीचे वर्ग सुरू झाले की वाङ्मय मंडळाच्या फलकावर वक्तृत्व स्पर्धेची सूचना लागते आणि दोन-चार मुलं स्टाफरूमच्या दाराशी घुटमळायला लागतात. "मॅडम, नाव द्यायचंय, पण भाषण येत नाही." ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना हे वाक्य मला दर वर्षी ऐकू येतं. भाषण येत नाही असं सांगणारी ही मुलं कँटीनमध्ये मात्र तासभर एकटी बोलत असतात, हेही मला दिसतं.

तीन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली. घणसोली गावातली, ट्रान्सहार्बर लोकलने ये-जा करणारी. पहिल्याच भेटीला पंचवीस मिनिटं उशिरा. कारण विचारलं तर म्हणाली, ऐरोलीला एक मावशी चढल्या, त्यांच्या पिशवीतून चिंबोरी, म्हणजे खेकडा, निसटली. पुढची पाच मिनिटं स्टाफरूममधल्या आम्ही तिघी पेपर तपासायचे थांबलो. लेडीज डबा सीटवर उभा राहिलाय, एक कॉलेजची पोरगी रॉडला लटकलीये, मावशी खाली वाकून चिंबोरीला लाडाने हाका मारताहेत, हे सगळं तिने हातांनी, भुवयांनी आणि दोन-तीन वेगवेगळ्या आवाजांत दाखवलं.

मी म्हटलं, "छान. आता हेच उभं राहून भाषणासारखं सांग."

ती उठली. दोन्ही हात मांडीला चिकटले. नजर पंख्याकडे गेली. आवाज दोन पट्ट्या वर चढला आणि म्हणाली, "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो..." समोर तीन मध्यमवयीन शिक्षिका आणि एक फुटकं कपाट. चिंबोरी कुठच्या कुठे गेली.

बोलता येणारा माणूस व्यासपीठावर चढला की वेगळाच कुणीतरी होतो, इथेच सगळी अडचण आहे. खाली सांगितलेल्या गोष्टी त्या वेगळ्या माणसाला घरी ठेवून येण्यासाठी आहेत. या मुलीचा उल्लेख मध्येमध्ये येईल, कारण तिने केल्या त्या चुका जवळपास सगळेच करतात.

आधी फोन काढा

पहिला आठवडा भाषणाला हात लावू नका. रोज दोन मिनिटं फोनमध्ये स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. विषय साधा: काल संध्याकाळी घरी काय काय झालं. लिहून काढायचं नाही, पुन्हा घ्यायचं नाही, पुसायचं नाही. फाइलला तारीख द्या आणि ठेवून द्या.

दुसऱ्या दिवशी ऐका. "हा माझा आवाज नाहीच" असं प्रत्येकाला वाटतं. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो स्वतःला जाड, भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला येतो. लोक तुमचा हाच आवाज वर्षानुवर्षं ऐकताहेत आणि कुणी पळून गेलेलं नाही, तेव्हा त्याची चिंता सोडा.

मोजायचं ते दुसरंच. 'म्हणजे', 'तर', 'ॲक्च्युअली', 'आणि मग', 'असं म्हणू शकतो' यांतला तुमचा लाडका शब्द कोणता आणि तो किती वेळा आला, तेवढं वहीत टिपा. आमच्या मुलीचा 'म्हणजे' होता; दोन मिनिटांत चौदा. शब्द टाळायचा म्हणून टाळता येत नाही. तो येतोय असं जाणवलं की तोंड मिटायचं, बस. त्या जागी एका श्वासाची शांतता राहते. आपल्याला ती युगासारखी वाटते, ऐकणाऱ्याला कळतही नाही. तिला हे गप्प राहणं जमायला तीन आठवडे लागले. आकडा शून्यावर आणायच्या मागे लागू नका. दोन मिनिटांत तीन-चार 'म्हणजे' माणसाच्या बोलण्यात असतातच.

घरची बोली दाराबाहेर ठेवू नका

ठाणे-नवी मुंबईतली माझी निम्मी मुलं आगरी, कोळी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी असं काहीतरी घरी बोलतात. घणसोलीच्या मुलीच्या घरी आगरी. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोला. सातवीत असताना वर्गात ती एकदा हसण्यावारी गेली आणि तेव्हापासून चारचौघांत बोलताना आधी शब्द तपासायचा आणि मग बोलायचं, अशी तिला सवय लागली. तपासून बोलणारा माणूस अडखळणारच.

माझं मत स्पष्ट आहे: बोली हा दोष नाही आणि तो 'घालवायचा' नसतो. भाषण आधी घरच्या बोलीत, घरच्याच माणसाला सांगा. तिने प्रत्येक भाषण आधी आजीला आगरीत सांगितलं. त्यात जी वाक्यं आपोआप चांगली उतरायची ती मग प्रमाण मराठीत आणायची. उलट्या वाटेने गेलात तर भाषण निबंधासारखं होतं.

उच्चारांचा सराव वेगळा करा, रोज दहा मिनिटं, मोठ्याने वाचून. मन-मण, काल-काळ, वेल-वेळ अशा जोड्या घ्या. 'चमचा' आणि 'चार' यांतले दोन वेगळे 'च' ऐका. हा सराव फक्त आगरी घरांसाठी आहे असं समजू नका. घोडबंदर रोडच्या टॉवरांतून येणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचाही 'ळ' गायब असतो, आणि ती 'ठाणे'सुद्धा 'थाने' म्हणतात. त्यांना मात्र कुणी हसत नाही.

ऐकायला जा, फुकट आहे

बोलायला शिकणाऱ्याने ऐकायला गेलं पाहिजे आणि ठाण्यात त्यासाठी खिशाला फारशी चाट बसत नाही. नौपाड्यात सरस्वती शाळेच्या मैदानावर जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला होते. एखादी संध्याकाळ तरी जाऊन बसा, विषय आवडीचा नसला तरी. खरं तर नसलेलाच बरा. विषयात रस नसताना वक्त्याने तुम्हाला कुठे धरून ठेवलं आणि कुठे सोडलं हे चटकन कळतं.

सोबत वही घ्या आणि तीनच गोष्टी लिहा. पहिलं वाक्य कोणतं होतं. माझं लक्ष कधी उडालं, म्हणजे मी फोन कधी काढला. आणि घरी जाऊन मी यातलं काय सांगणार आहे. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ नेहमी एखादा प्रसंग किंवा एखादं चित्र येतं. 'सामाजिक बांधिलकी' हा शब्द तिथे मी अजून कुणाच्या वहीत पाहिलेला नाही.

ज्यांना बाहेर पडणं जमत नाही त्यांनी प्राचार्य शिवाजीराव भोसले यांची व्याख्यानं यूट्यूबवर ऐकावीत. शब्दकळा नका उचलू, ती त्यांनाच शोभते. ते थांबतात कुठे, एवढंच ऐका. वाक्य संपल्यावर तर थांबतातच, पण महत्त्वाचा शब्द यायच्या आधीही थांबतात.

वाचायला मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ सालचं, आणि त्याहून जुनं, १८५१ सालचं नगर वाचन मंदिर. दोन्ही स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे साहित्य संमेलनांच्या अध्यक्षीय भाषणांची चौकशी करा. ठाण्यात १९८८ साली वसंत कानेटकर आणि २०१० साली उत्तम कांबळे अध्यक्ष होते. दोघांची घडण अगदी वेगळी, एक नाटककार आणि एक पत्रकार. भाषण हातात आलं तर पहिलं पान मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचलेलं भाषण आणि तोंडाने म्हटलेलं भाषण यांतला फरक जिभेलाच कळतो.

विषय खाली उतरवा

आता मुख्य काम. इथे घाई करू नका, कारण भाषण चांगलं की वाईट हे माईकसमोर ठरत नाही, इथे ठरतं.

स्पर्धांचे विषय ढगासारखे असतात: 'विकास: काल, आज, उद्या', 'युवाशक्ती', 'मोबाइल शाप की वरदान'. आमच्या मुलीला पहिल्या वर्षी 'विकासाची किंमत' मिळाला. तिने आणलेला पहिला मसुदा 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' इथून सुरू होऊन तीन थोरामोठ्यांच्या वचनांवरून 'चला तर मग, आपण सारे शपथ घेऊ या' इथे संपत होता. इंटरनेटवरून असा मसुदा निघायला दोन मिनिटं लागतात, आणि परीक्षकांनी त्या दिवशी सकाळपासून असे अकरा ऐकलेले असतात. वाईट वाटून घेऊ नका, पहिला मसुदा सगळ्यांचा असाच येतो. तो बाजूला ठेवायचा आणि स्वतःला प्रश्न विचारायचे. आमचं बोलणं साधारण असं झालं:

"तू राहतेस तिथे पूर्वी काय होतं?"

"शेत होतं मॅडम. भाताचं. आणि खाडी."

"मग?"

"सिडकोने घेतली जमीन."

"कधी?"

"माहीत नाही. आजीला माहितीये."

"किती मिळाले?"

"आजीला विचारते."

"आजी काय म्हणते त्याबद्दल?"

इथे ती पहिल्यांदा थांबली. म्हणाली, "आजी काही म्हणत नाही. गणपतीत भात शिजवताना तेवढं म्हणते, आपला तांदूळ वेगळा होता."

तिचं भाषण इथे सापडलं. बाकी सगळं या वाक्याला उभं करण्यासाठी गोळा करायचं होतं. ते तिने गोळा केलं: नवी मुंबई हे नवं शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी ठरल्या. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे जीव गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती या लढ्यामुळे. आजीचं माहेर उरणकडचं, त्यामुळे हे तिला घरबसल्या कळण्यासारखं होतं. सतरा वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

तुमच्याकडे आगरी आजी नसेल. पण 'मोबाइल' या विषयाला तुमच्या सोसायटीचा वॉचमन आहे, जो व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या मुलाचा अभ्यास घेतो. 'पर्यावरण' म्हटलं की कोपरीच्या पुलावरून नाकाला कळणारी खाडी आहे. विषय मिळाला की स्वतःला तीन प्रश्न विचारा: हे मी कुठे पाहिलं? माझ्या ओळखीतल्या कुणाचं यात काही गेलं किंवा आलं? आणि त्या माणसाने नेमकं काय म्हटलं? त्यानंतर आकडे आणि साल शोधा, आधी नाही. आणि जे शोधाल ते दोन ठिकाणी पडताळा. मोठ्या माणसांच्या नावावर खपवलेली वचनं सरळ वगळा. त्यांतली कितीतरी त्यांनी कधी उच्चारलेलीच नसतात, आणि परीक्षकांत एखादा जाणता बसला असेल तर पंचाईत.

मग सगळ्या भाषणाचं एक वाक्य लिहा. तिचं होतं: 'जमिनीचा भाव मिळाला, तांदळाचा मिळाला नाही.' जो मुद्दा या वाक्याच्या कामाचा नाही तो कितीही छान असला तरी काढा. तिने उरणजवळच्या चिरनेरचा, इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्धचा जंगल सत्याग्रह काढला तेव्हा तिला रडू आलं होतं. २५ सप्टेंबर १९३०, केवढा मोठा प्रसंग. पण तो दुसऱ्या भाषणाचा होता, आणि पुढच्या वर्षी कामाला आलाच.

कागद नको, कार्ड घ्या

पाच मिनिटांच्या भाषणाला साडेपाचशे ते सहाशे शब्द पुरतात. माझ्या मुलांचा वेग मिनिटाला एकशे दहा ते एकशे वीस शब्दांच्या आसपास असतो. हजार शब्द लिहून आणलेत तर ते संपवण्यासाठी तुम्ही शेवटची दोन मिनिटं ट्रान्सहार्बर पकडायच्या वेगाने धावाल.

लिहा जरूर, पण पाठ करू नका. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द सुटला की सगळी माळ ओघळते. फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य तोंडपाठ हवं, झोपेतून उठवलं तरी यावं असं. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पाच शब्द लिहा. तिच्या कार्डावर होतं: तांदूळ, ९५, फाटा, साडेबारा, आजी. एका शब्दाकडून दुसऱ्या शब्दाकडे कसं जायचं ते दर वेळी थोडं वेगळं होऊ द्या. घरून स्टेशनला आपण रोज त्याच गल्लीने जातो असं थोडंच आहे.

'सन्माननीय व्यासपीठ' म्हणायचंच नाही का? म्हणा, पण एका श्वासात, साधं: "अध्यक्ष, परीक्षक आणि मित्रहो, नमस्कार." काही स्पर्धांत औपचारिक संबोधन नसेल तर गुण कापतात, म्हणून नियमावली वाचा. पण त्या एका वाक्यानंतर लगेच भाताच्या शेतात या.

तालीम: गच्चीपासून मांडवापर्यंत

उभं राहून, चप्पल-बूट घालून, पूर्ण आवाजात. पलंगावर बसून मनातल्या मनात केलेली तालीम धरूच नका. आरशासमोर उभं राहू नये असं माझं मत आहे, मग ते कितीही जण सांगोत. आरशात आपण स्वतःकडेच बघत बसतो, आणि सभागृहात तर स्वतःला सोडून बाकी सगळ्यांकडे बघायचं असतं.

पहिल्यांदा गच्चीवर एकट्याने. मग एका मित्रासमोर, कचराळी तलावाच्या कट्ट्यावर किंवा तलावपाळीला. तलावपाळीला गर्दी आणि हॉर्न असतात ते चांगलंच, आवाज न चढवता शब्द पोचवायची सवय लागते. मित्राला 'कसं झालं' विचारू नका, तो 'भारी' म्हणेल. त्याला भाषण परत सांगायला लावा. तो जे विसरला ते तुम्ही नीट सांगितलेलं नाही.

आणि खरी शाळा म्हणजे सोसायटीचा गणपती. सूत्रसंचालन मिळालं तर देव पावला, नाही तर साध्या घोषणा मागून घ्या. 'बी विंगसमोर उभी केलेली पांढरी गाडी कृपया हलवावी' हे वाक्य दीडशे लोकांच्या गोंगाटात असं म्हणायचं की गाडीवाला उठून जाईल आणि त्याला रागही येणार नाही. हे ज्याला जमलं त्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जड नाही. आमच्या मुलीने त्या वर्षी गावच्या मांडवात दहा दिवस आरतीच्या वेळा जाहीर केल्या. सातव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की हात आपोआप हलताहेत.

माईकशी ओळख

माईक बघून घाबरणारे दोन प्रकारचे असतात, त्याला गिळू बघणारे आणि त्याच्यापासून पळणारे. तोंड आणि माईक यांत चार बोटांचं अंतर ठेवून सुरुवात करा, आणि आवाज फुटतोय असं वाटलं तर थोडं मागे व्हा. माईक तोंडाच्या अगदी समोर नको, किंचित खाली, हनुवटीच्या पातळीला. म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा धक्का थेट आत जात नाही आणि 'फट्' असा आवाज येत नाही. टिचकी मारून किंवा फुंकर घालून तपासू नका. पहिलं वाक्य म्हणा, तेवढ्यानेच कळतं.

स्टँड तुमच्या उंचीचा नसेल तर आधी तो नीट करा, दहा सेकंद लागले तरी. आमची मुलगी पाच फुटांच्या आतली. पहिल्या स्पर्धेत आधीच्या सहा फुटी मुलाचा माईक तसाच ठेवून टाचा वर करून बोलली, आणि तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्या थरथरायला लागल्या तेव्हा भाषणही थरथरलं. हातातला माईक असेल तर डावी-उजवीकडे बघताना तोही तोंडाबरोबर वळवा. आणि तो कधीही स्पीकरच्या दिशेने धरू नका. स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो, आणि ती कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते.

स्पर्धेच्या दिवशी

अर्धा तास आधी पोचा आणि रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसा. तिथून व्यासपीठ केवढंसं दिसतं ते पाहिलंत की तिथवर आवाज न्यायचाय हे ध्यानात राहतं. आयोजकांना दोन प्रश्न विचारा: पहिली घंटा कितव्या मिनिटाला, आणि वेळ उलटल्यावर गुण कापतात का? पाच मिनिटांच्या भाषणाला बहुतेक ठिकाणी चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा असते. ती वाजली की दचकू नका. त्या वेळी कार्डावरचा चौथा शब्द चालू असला तर तुम्ही वेळेत आहात.

छाती धडधडणार, हात गार पडणार. हे थांबवायच्या फंदात पडू नका. शरीर आपलं काम करतंय. नाव पुकारल्यावर मात्र एवढं करा: चालत जा, धावू नका. उभं राहा. श्वास पूर्ण सोडा, घेण्याआधी सोडा. सभागृहात एक ओळखीचा किंवा हसरा चेहरा शोधा आणि पहिलं वाक्य त्याला सांगा. दुसरं वाक्य दुसऱ्या कोपऱ्यातल्या कुणाला तरी.

विसरलात तर? विसरणारच कधीतरी. 'सॉरी' म्हणू नका, जीभ चावू नका, वर पंख्याकडे बघू नका. गप्प राहा, शेवटच्या वाक्यातला शेवटचा शब्द मनात पुन्हा म्हणा, कार्ड बघा, पुढच्या शब्दावर जा. आमची मुलगी पहिल्या स्पर्धेत पोटऱ्यांपायी विसरली आणि 'धन्यवाद' म्हणून खाली उतरली. जिन्यात बसून राहिली, वडापावही खाल्ला नाही.

पुढच्याच महिन्यात दुसरी स्पर्धा, तेच भाषण. 'फाटा' या शब्दापाशी आली आणि साल डोक्यातून उडालं. मी चौथ्या रांगेत होते, मला कळलं. ती थांबली. मग म्हणाली, "जानेवारी होता. आजी सांगते, भाताची कापणी होऊन गेली होती, शेतं रिकामी होती, म्हणून माणसं मोकळी होती." आणि मग १९८४ आपसूक आलं. सभागृहात खुर्चीही करकरली नाही. मसुद्यात नसलेलं ते वाक्य त्या भाषणातलं सर्वांत चांगलं होतं. तिला दुसरा क्रमांक मिळाला.

निकालाबद्दल जाता जाता. एका ठिकाणी परीक्षक आमच्या सहा स्पर्धकांच्या वेळी चहाला गेले होते आणि परत येऊन त्यांनी सगळ्यांना सरसकट सारखेच गुण दिले. असंही होतं. चिडा, घरी जाऊन जेवा, पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरा. 'लोकसत्ता'ची 'वक्ता दशसहस्रेषु' ही मोठी स्पर्धा माहीत असलेली बरी. नाव सुभाषितातलं आहे: शूर शंभरांत एक, पंडित हजारांत एक, वक्ता दहा हजारांत एक. सुभाषितकाराने आमचं कँटीन पाहिलेलं नसावं.

उत्स्फूर्त, इंग्रजी आणि इतर

उत्स्फूर्त भाषणाला चिठ्ठी उचलल्यावर थोडाच वेळ मिळतो. तेव्हा वर सांगितलेलंच छोट्या मापात करा: हे मी कुठे पाहिलं, तिथून सुरुवात. काहीच सुचलं नाही तर 'माझ्या घरी, माझ्या गावात, माझ्या देशात' अशी तीन पायऱ्यांची शिडी लावा. फार थोर नाही, पण पडत नाही.

कॉलेजची प्रेझेंटेशन्स आणि मुलाखती इंग्रजीत असतात, तिथे मराठी माध्यमाची मुलं मनात मराठी वाक्य बनवून त्याचं भाषांतर करतात आणि मध्येच अडकतात. इंग्रजीसाठीही दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग वेगळं करा, वाक्यं लहान ठेवा, आणि स्लाइड वाचून दाखवू नका. समोरच्यांनाही वाचता येतं.

अठरा पूर्ण झाली की टोस्टमास्टर्स क्लब बघायला हरकत नाही. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था, ठाण्यात आणि नवी मुंबईतही तिचे क्लब आहेत. शुल्क असतं, कारभार बहुतेक इंग्रजीत चालतो. पण तिथे एक जण फक्त तुमचे 'अं' आणि 'म्हणजे' मोजायला बसतो आणि एक जण घड्याळ घेऊन. पाहुणा म्हणून एकदा जाऊन बघा, मग ठरवा.

भाषण झाल्यावर

त्याच रात्री रेकॉर्डिंग ऐकू नका, सगळंच वाईट वाटतं. दोन दिवसांनी ऐका, कागदावर एकच सुधारणा लिहा, पुढच्या वेळी तेवढीच करा. आणि भाषण ज्याच्याबद्दल होतं त्याला ते ऐकवा. परीक्षक, मित्र, शिक्षक यांच्याकडून मिळत नाही ते तिथे मिळतं.

दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र घेऊन आमची मुलगी घरी गेली आणि आजीला ओटीवर बसवून तिने अख्खं भाषण म्हणून दाखवलं. आजीने सगळं ऐकलं. मग विचारलं, "कंच्या शेताचं सांगतेस?" मुलीला प्रश्नच कळेना. शेत म्हणजे शेत. आजी म्हणाली, आपल्या तीन शेतांना तीन नावं होती, तू एकाचंही घेतलं नाहीस.

सोमवारी ती स्टाफरूममध्ये आली, कार्ड काढलं, 'तांदूळ' शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'उंबराची खार'.